दाराजवळचं कार्ड: वेस्ट पॉइंटला निघालेल्यांसाठी

बेल वाजते. बाबा आतल्या खोलीतून हळूच सांगतात, "कोण आहे बघ, आणि मी घरी नाही म्हणून सांग." पोरगं दार उघडतं आणि इमानेइतबारे सांगतं, "बाबा म्हणाले, ते घरी नाहीत."

हा विनोद आपल्या घरांत इतका जुना झालाय की त्याला आता कुणी हसतही नाही. पण न्यू यॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायला निघालेल्यांनी तो जाण्यापूर्वी एकदा नीट आठवावा. 'कोण कुठे आहे?' या साध्या प्रश्नाला तिथे जे उत्तर दिलं जातं, त्यावर कॅडेटची नोकरी, शिक्षण आणि नाव, तिन्ही टांगलेलं असतं. बाबांनी लावलेली सवय तिथे चालत नाही आणि पोराचं भाबडेपणही पुरेसं पडत नाही.

कुणासाठी लिहितोय तेही सांगतो. वेस्ट पॉइंटच्या नेहमीच्या प्रवेशाला अमेरिकी नागरिकत्व लागतं, त्यामुळे हे मुख्यतः तिकडेच वाढलेल्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी आहे. न्यू जर्सीतल्या घरांना तर ही अकादमी अगदी शेजारची. न्यू यॉर्क शहरापासून हडसन नदीच्या काठाने उत्तरेला साधारण ८० किलोमीटर. भारतात राहणाऱ्या मुलांची वाट खडकवासल्याकडे जाते; तिथले रिवाज वेगळे, तो वेगळा विषय.

आधी शब्द पाठ करा

पहिल्या दिवसाला आर-डे म्हणतात. त्यानंतरचे सुमारे सहा आठवडे म्हणजे बीस्ट, उन्हाळ्यातलं मूलभूत प्रशिक्षण. तोवर तुम्ही 'न्यू कॅडेट'. ऑगस्टमध्ये कोअरमध्ये, म्हणजे कॅडेटांच्या दलात, स्वीकारलं गेलं की 'प्लीब'. दुसऱ्या वर्षाचा यर्लिंग, तिसऱ्याचा काऊ, शेवटच्याचा फर्स्टी. 'काऊ' या नावाची गंमत अशी सांगतात की पूर्वी कॅडेटला पहिली लांब सुट्टी दोन वर्षांनी मिळायची, आणि ती संपवून पोरं परतली की म्हणायचे, आल्या गाई घरी.

अकादमीत सुमारे ४,४०० कॅडेट असतात. चार रेजिमेंट, प्रत्येकीत नऊ कंपन्या, अशा एकूण ३६. तुमचं जग म्हणजे तुमची कंपनी. तिच्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी म्हणजे टॅक. बराकीत पाळीने ड्यूटीवर बसणारा कॅडेट असतो, त्याच्या टेबलाला सीक्यूचं टेबल म्हणतात. जिथवर जायची तुम्हाला मुभा आहे ती हद्द म्हणजे लिमिट्स. फॉर्मेशन म्हणजे आपल्या एनसीसीवाल्यांचं फॉल-इन. आणि टॅप्स म्हणजे रात्रीचा शेवटचा बिगुल. त्यानंतर प्रत्येकाने खोलीत असायचं.

हे शब्द आले की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं अवघड आहे.

एक वाक्य समजून घ्या

वेस्ट पॉइंटचा ऑनर कोड एका ओळीचा आहे: कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणूक करणार नाही, चोरी करणार नाही आणि असं करणाऱ्यांना खपवूनही घेणार नाही. शेवटचा 'खपवून घेणार नाही' हा भाग लेखी स्वरूपात १९७० साली आला; रिवाज म्हणून तो आधीही होता.

आता हा कोड आणि तुमचा ठावठिकाणा यांचा संबंध काय? संबंध असा की तिथे ठावठिकाणा कळवण्याची प्रत्येक खूण, मग ती खोलीतल्या अनुपस्थितीच्या कार्डावरची असो, वहीतली सही असो की दारातून दिलेला हुंकार, 'कॅडेटने अधिकृतपणे केलेलं विधान' मानली जाते. खूण म्हणजे बोललेलं वाक्य. तुम्ही कार्डावरची खूण सरकवून निघून गेलात तरी ते कार्ड तुमच्या वतीने बोलत राहतं: "मी खोलीत नाही, पण जिथे आहे तिथे असायची मला परवानगी आहे." तुम्ही भलतीकडे असाल तर ते कार्ड खोटं बोलत नाही, तुम्ही बोलता.

यातून जो फरक निघतो तो पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्का ठेवा. हद्दीबाहेर जाणं हा नियमभंग. त्याला शिक्षा आहे: डिमेरिट म्हणजे वजा गुण मिळतात, सवलती जातात, खांद्यावर रायफल घेऊन बराकींमधल्या चौकात तासन्‌तास चालावं लागतं. असे १०० तास चाललेल्याला पोरं कौतुकाने 'सेंच्युरी मॅन' म्हणतात, म्हणजे त्यात बेअब्रू नाही. पण हद्दीबाहेर जाऊन 'मी हद्दीत होतो' असं दाखवणं हा ऑनरचा प्रश्न. तिथे तुम्हाला अकादमी सोडावी लागू शकते. एक चूक पायाला घाम आणते, दुसरी बॅग भरायला लावते. नवखा माणूस घाबरून पहिली झाकायला दुसरी करतो, आणि बहुतेक घोळ इथेच होतो.

पायरी पहिली: खोलीतून निघताना

विसाव्या शतकात बराकीतल्या खोल्यांत यासाठी अनुपस्थितीचं कार्ड असायचं. त्यावर खोलीत राहणाऱ्यांची नावं आणि नावापुढे खूण करायची सोय. संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळात खोली सोडली की खूण करायची, परतलात की काढायची. खूण नसेल तर त्याचा अर्थ 'मी इथेच आहे', आणि 'इथेच' मध्ये न्हाणीघरासारख्या हाकेच्या अंतरावरच्या जागा येतात. नेमकं काय येतं आणि काय येत नाही ते तुमच्या कंपनीच्या चालू नियमांत वाचा. तोंडी ऐकीव माहितीवर जाऊ नका. पद्धती बदलत आल्यात. कार्डाच्या जागी संगणकाचा पडदा असेल, वहीच्या जागी मोबाइल असेल. वाक्य तेच राहतं.

सवय अशी लावा: हात दाराच्या मुठीवर गेला की थांबायचं. मी कुठे चाललोय? तिथे जायची मला आत्ता, या तासाला परवानगी आहे का? असेल तर खूण करायची आणि निघायचं. नसेल तर खूण करायची नाही आणि निघायचंही नाही. तिसरा पर्याय, म्हणजे खूण न करता गुपचूप निघणं, हा सगळ्यात वाईट. कारण कोरं कार्डही बोलतं. ते म्हणतं, मी खोलीत आहे.

समजा रात्रीचे पावणेदहा झालेत. तुम्ही ग्रंथालयात जातोय म्हणून खूण केलीत. वाटेत दुसऱ्या कंपनीतला मित्र भेटला, म्हणाला चल आमच्या खोलीत, पिझ्झा आलाय. त्या वेळी तिथे बसायची प्लीबला मुभा नसेल तर तुमची खूण त्या क्षणापासून खोटी होते, जरी निघताना ती शंभर टक्के खरी होती. पाय वळले की वाक्यही बदलतं. पिझ्झा सोडा, नाहीतर परत जाऊन कार्ड दुरुस्त करा. व्यवहारात पिझ्झा सोडणंच सोपं पडतं.

पायरी दुसरी: दारावरची थाप

तपासणीला आलेला माणूस दार वाजवून विचारायचा, "ऑल राइट?" आतून उत्तर जायचं, "ऑल राइट, सर." बस्स, एवढंच. टॉर्च नाही, पांघरूण वर करून बघणं नाही, मोजणी नाही.

बाहेरच्या माणसाला हा निव्वळ रामराम वाटेल. आपल्याकडे "काय, बरंय ना?" असं विचारलं की पोटात कळ येत असली तरी आपण "हो, मजेत" म्हणतो, तसंच काहीतरी. तसं ते अजिबात नाही. त्या दोन शब्दांचा अर्थ असा: या खोलीत राहणारे सगळे एकतर आत आहेत, नाहीतर परवानगीने बाहेर आहेत. म्हणजे उत्तर देणारा स्वतःपुरतं बोलत नाही, खोलीतल्या सगळ्यांसाठी बोलतो.

म्हणून हे करा. संध्याकाळी खोलीतल्या जोडीदाराला विचारून ठेवा: तू कुठे, किती वाजता येणार? याला भोचकपणा समजू नका, तुमच्या तोंडून जाणाऱ्या वाक्याची ती खातरजमा आहे. तो अचानक निघाला आणि तुम्ही झोपेत होतात, पलंग रिकामा आहे, कार्डावर खूण दिसत नाही, आणि दार वाजलं, तर काय म्हणाल?

"ऑल राइट" म्हणायचं नाही. "तो कुठे आहे मला माहीत नाही, सर," असं म्हणायचं. मैत्रीला हे जड जातं, मान्य. रात्री अकरा-साडेअकराला, अर्धवट झोपेत, समोर तुमच्यापेक्षा दोन वर्षं मोठा कॅडेट उभा, आणि जिभेवर आपोआप येणारे शब्द मात्र दोनच. ते गिळायला शिकणं हे पहिल्या वर्षातलं खरं प्रशिक्षण आहे असं माझं मत. पुशअप्स कुणीही मारतं.

इथे प्लीबच्या चार उत्तरांची ओळख करून घ्या. पहिल्या वर्षी वरिष्ठाने प्रश्न विचारला की ठरलेली चार उत्तरं: येस सर, नो सर, नो एक्सक्यूज सर, आणि सर, आय डू नॉट अंडरस्टँड. वरिष्ठ बाई असतील तर 'सर'च्या जागी 'मॅम'. लोकांना ही छळवणूक वाटते. पण तिसरं उत्तर बघा. "फॉर्मेशनला का नव्हतास?" यावर "नो एक्सक्यूज, सर" म्हटलं की कारणांची सगळी फॅक्टरीच बंद पडते. गजर वाजला नाही, बूट सापडेना, जिन्यात गर्दी होती, हे सगळं मनातच राहतं. आणि ज्याला सबब रचावीच लागत नाही त्याला खोटं बोलायची पाळी फारशी येत नाही.

पायरी तिसरी: फॉर्मेशनचा अहवाल

ही पायरी छोटी आहे. सकाळी स्क्वॉडचा, म्हणजे कंपनीतल्या छोट्या तुकडीचा, प्रमुख आपली माणसं मोजतो, वर कळवतो, तो त्याच्या वर. शेवटी वाक्य येतं ते साधारण असं: सगळे हजर आहेत किंवा त्यांचा हिशोब लागलेला आहे. 'हजर' आणि 'हिशोब लागलेला' हे दोन शब्द वेगळे का, ते लक्षात घ्या. दवाखान्यात असलेला हजर नसतो, पण त्याचा हिशोब लागलेला असतो. तुम्ही आजारी पडलात, कुठल्या संघाबरोबर सामन्याला गेलात, तर आपल्या स्क्वॉडच्या प्रमुखाला आधी सांगा. न सांगता गेलात तर त्याच्यापुढे दोनच वाटा: तुम्हाला गैरहजर दाखवायचं किंवा तुमच्यासाठी अंदाजाने बोलायचं. दुसऱ्या वाटेवर त्याला ढकलू नका.

पायरी चौथी: बाहेर जाताना सही

शनिवार-रविवारची सुट्टी प्लीबला कमीच मिळते. मिळाली की बाहेर जाण्याची नोंद करावी लागते: नाव, कुठे, किती वाजता निघालो, परत आल्यावर किती वाजता आलो. इथे तीन गोष्टी.

निघण्याआधी बेत पक्का करा, मग लिहा. 'बघू कुठे जातोय ते' हा खास आपला स्वभाव इथे बाजूला ठेवायचा. न्यू यॉर्क लिहिलं आणि मावशीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचलात तर मावशी खूश, पण वहीतली ओळ खोटी. बेत बदललाच तर सीक्यूच्या टेबलाला फोन करा आणि विचारा. त्याने नाही म्हटलं तर मावशीला पुढच्या वेळी.

वेळ पुढची टाकून ठेवू नका. सोबतचे सगळे साडेपाचच्या आधीच साडेपाच लिहून मोकळे होतायत म्हणून आपणही नाही.

आणि दुसऱ्याची सही कधीही करू नका. कधीही नाही. "अरे मी पाच मिनिटांत पोचतोय, तेवढी माझी नोंद करून टाक ना" हा फोन येणार, आणि तो जवळच्या मित्राचाच येणार. कॉलेजात आपण प्रॉक्सी हजेरी लावायचो आणि त्याला दोस्ती म्हणायचो. वेस्ट पॉइंटवर त्या प्रॉक्सीने एक नाही, दोन माणसं जातात.

मधेच थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हे चमत्कारिक वाटतं

अकादमी १८०२ सालची. पहिल्या काही दशकांत पोरं कुठे आहेत हे शोधायची जबाबदारी अधिकाऱ्यांची होती आणि पोरांची जबाबदारी सापडू नये ही. जवळच बेनी हेवन्स नावाच्या माणसाची खानावळ होती, दारू मिळायची, तिथे कॅडेट चोरून जात. जेफर्सन डेव्हिस, जो पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा अध्यक्ष झाला, तो १८२५ मध्ये तिथे पकडला गेला. कोर्टमार्शल झालं, शिक्षा माफ झाली, आणि पुढच्याच वर्षी असाच एकदा पळताना तो कड्यावरून कोसळून जबर जखमी झाला. कवी एडगर ॲलन पो १८३० मध्ये कॅडेट म्हणून आला आणि १८३१ मध्ये कोर्टमार्शल होऊन गेला. त्याचे गुन्हे काय? परेडला नाही, हजेरीला नाही, वर्गात नाही, चर्चमध्ये नाही. जिथे असायला हवं तिथे नसणं, एवढ्यावरच त्याचं लष्करी आयुष्य संपलं.

या लपंडावाच्या शेजारीच दुसरी एक गोष्ट वाढत होती: अधिकाऱ्याचा शब्द म्हणजे शब्द, हा रिवाज. बराच काळ कॅडेटच आपसात तो अनधिकृतपणे राबवत होते. पहिल्या महायुद्धानंतर डग्लस मॅकआर्थर अकादमीचे प्रमुख झाले आणि १९२२ साली त्यांनी कॅडेटांची ऑनर कमिटी अधिकृत केली. तेच मॅकआर्थर कॅडेटांना जास्त मोकळीक देण्याच्याही बाजूचे होते. माझ्या मते हा योगायोग नाही. दारावर पहारेकरी ठेवायचा नसेल तर दाराजवळच्या कार्डावर विश्वास ठेवावा लागतो. कार्डावर विश्वास ठेवायचा तर कार्ड खोटं बोलणाऱ्याला फार महाग पडलं पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती नवख्यांपासून लपवू नये. नियम पाळून घ्यायचे कष्ट वाचवायला ऑनर कोड वापरला तर काय होतं? रात्री कोण बाहेर आहे हे बघायला माणूस नेमायचा नाही. त्याऐवजी प्रत्येकाकडून 'मी आत आहे' असं वदवून घ्यायचं आणि खोटं निघालं की हाकलायचं. म्हणजे पिझ्झ्याच्या चुकीला फाशी. १९७६ मध्ये विजेच्या अभियांत्रिकीच्या एका गृहपाठावरून मोठं कॉपी प्रकरण झालं, शंभराहून जास्त कॅडेटना जावं लागलं, आणि चौकशीसाठी अपोलो ८ चे कमांडर फ्रँक बोर्मन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. आयोगाने अकादमीच्याही चुका दाखवल्या, आणि कोडचा वापर नियम राबवायचा दंडुका म्हणून होऊ नये असं बजावलं. त्यानंतर एक मोठा बदल झाला: तोवर ऑनरच्या गुन्ह्याला एकच शिक्षा होती, हकालपट्टी. आता अकादमीप्रमुखाला परिस्थिती बघून कमी शिक्षा देता येते. पण 'देता येते' यावर भिस्त ठेवून कुणी कार्ड सरकवू नये.

पायरी पाचवी: चुकलंच तर

चुकणार. नक्की चुकणार. ग्रंथालयातून परत आलात, खूण काढायला विसरलात, झोपलात. सकाळी लक्षात आलं. घाम फुटेल, पण थांबा. ऑनरचा गुन्हा ठरायला नुसती चुकीची खूण पुरत नाही, फसवायचा हेतू लागतो. विसराळूपणा हा गुन्हा नाही, त्याला फार तर नियमाची शिक्षा. मात्र लक्षात आल्यावर गप्प बसलात तर गप्प बसण्याला हेतू चिकटतो. म्हणून आठवलं त्या मिनिटाला कंपनीतल्या वरिष्ठाला गाठा आणि सांगा.

तसंच 'पॉप-ऑफ' हा शब्द लक्षात ठेवा. वरिष्ठ अंगावर ओरडतो, "बूट पॉलिश केलेत?" आणि केलेले नसताना तोंडातून "येस, सर!" निसटतं. भीतीने निसटलेलं हे उत्तर. ते निसटतं हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. उपाय एकच: पहिली संधी मिळताच परत जाऊन, "सर, मघाशी मी चुकीचं बोललो" म्हणणं. चार पावलं गेलेल्या माणसाला हाक मारून हे सांगणं लाजिरवाणं असतं, पण फक्त लाजिरवाणंच असतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते आणखी काहीतरी होतं.

पायरी सहावी: 'नरो वा कुंजरो वा' करू नका

वेस्ट पॉइंटवर 'क्विबलिंग' म्हणून एक प्रकार आहे. शब्दशः खरं बोलायचं आणि समोरच्याची समजूत मात्र खोटी करून द्यायची. हे मराठी माणसाला समजावून सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. अश्वत्थामा मेला, युधिष्ठिर मोठ्याने म्हणाला. 'माणूस की हत्ती' हे पुटपुटला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. धर्मराजाचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

कॅडेटचं भाषांतर असं: "ग्रंथालयात होतास का?" "हो, सर, गेलो होतो." गेला होतात, पाच मिनिटं, आणि नंतर पाऊण तास पिझ्झा. रथ टेकला.

स्वतःला तपासायला कॅडेट तीन प्रश्न विचारतात. यातून मी कुणाला फसवतोय का, किंवा कुणाला फसू देतोय का? यातून मला किंवा दुसऱ्या कुणाला हक्क नसलेला फायदा मिळतोय का? आणि हेच माझ्याशी कुणी केलं तर मला चालेल का? पहिल्याचं किंवा दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, किंवा तिसऱ्याचं 'नाही', की थांबायचं. ग्रंथालयाचं उत्तर पहिल्याच प्रश्नावर अडतं.

उगाच टोकालाही जाऊ नका. कुणाच्या घरी जेवायला गेलात, आमटी खारट होती, तुम्ही छान झालीय म्हणालात, तर त्याला कुणी ऑनर बोर्डापुढे नेत नाही. मन राखणं वेगळं आणि फायदा उपटणं वेगळं, एवढा पोच तिथेही आहे.

पायरी सातवी: मित्राचं कार्ड

सगळ्यात कठीण जागा ही. मित्राच्या कार्डावर ग्रंथालयाची खूण आहे आणि तो तुम्हाला भलतीकडेच दिसला. 'आपल्याला काय करायचंय' हे तिथे उत्तर नाही, कारण खपवून घेणं हाही कोडचाच भंग. पण लगेच तक्रार करायला धावायचंही नाही. आधी त्यालाच भेटून विचारायचं असतं: "मी तुला अमुक ठिकाणी बघितलं, कार्डावर तमुक होतं, काय झालं?" कित्येकदा साधा खुलासा निघतो, परवानगी मिळालेली असते, तुम्हाला माहीत नसते. खुलासा पटला नाही तर त्याला स्वतःहून जाऊन सांगायला सांगा. तो गेला नाही तर तुम्हाला जावं लागतं.

सगळ्या अमेरिकी अकादम्यांत हे असंच नाही. वायुदलाच्या अकादमीच्या कोडमध्ये 'खपवून घेणार नाही' आहे. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत मात्र दुसऱ्याची चूक दिसल्यावर त्याच्याशी बोलून, समज देऊन विषय तिथेच मिटवायची मुभा आहे. कुठली पद्धत बरी यावर तिकडचे निवृत्त अधिकारीही एकमेकांशी वाद घालतात. मला विचाराल तर मला नौदलाची जास्त माणुसकीची वाटते. पण तुम्ही जिथे शपथ घ्याल तिथला कोड तुमचा, माझं मत नाही.

आईबाबांसाठी

तुमचं काम सोपं आहे आणि तेच बिघडवायची शक्यता जास्त. गणपतीला यायला मिळत नाही म्हणून "आजी आजारी आहे असं सांग की" असा सल्ला फोनवर देऊ नका. प्रेमाने दिलेला असला तरी त्या वाक्याखाली सही पोराची पडते. रजा हवी असेल तर खरं कारण सांगून मागायची. मिळाली तर मोदक, नाहीतर दिवाळी बघू.

मुलगा किंवा मुलगी फोन उचलत नसेल तर लगेच कंपनीतल्या मित्रमैत्रिणींना "तो आहे ना तिथे? बघून सांग" असे मेसेज पाठवू नका. त्या पोरांना तुमच्यासाठी अंदाजाने उत्तर द्यायला लावणं बरं नाही.

आणि सुट्टीवर घरी आलेल्याला परत सोडताना वेळ धरून निघा. पॅलिसेड्स पार्कवेने वर, बेअर माउंटनपाशी ९डब्ल्यू रस्त्याला लागायचं, हायलंड फॉल्स, मग अकादमीचं थेअर गेट. नकाशात हा रस्ता फार लांबचा दिसत नाही, पण रविवारी संध्याकाळी, विशेषतः पानगळीचे रंग बघायला लोक निघतात त्या दिवसांत, तो खूप लांबतो. डबे भरून होईपर्यंत "पाच मिनिटं, पाच मिनिटं" करू नका. उशीर झालाच तर गाडीतूनच त्याला सीक्यूच्या टेबलाला फोन करू द्या. आणि पोचल्यावर वहीत परतण्याची वेळ लिहिताना मुदत १८३० ची, म्हणजे संध्याकाळी साडेसहाची, होती, घड्याळात १८३४ झालेत, तर तो १८३४ लिहील. तुम्ही खिडकीतून "अरे साडेसहाच टाक" म्हणू नका.